कमी पैशात रोजची निगा : अर्ध्या राहिलेल्या बाटल्यांचा हिशोब

निळीछत्री :

गेल्या वर्षी खोली बदलताना कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि सगळं जमिनीवर मांडून बसले. फेसवॉश, टोनर, सीरम, तीन प्रकारचे स्क्रब, व्हिटॅमिन सीच्या दोन बाटल्या (दोन्ही तपकिरी पडलेल्या), डोळ्यांखाली लावायची एवढीशी ट्यूब. एकूण १९ नग. सगळे उघडलेले आणि एकही संपलेला नाही. दोन वर्षांत तळ गाठलेली वस्तू एकच होती, पेट्रोलियम जेलीची डबी. सगळ्यात स्वस्त तीच होती.

वहीत एकेकीपुढे किंमत आणि किती उरलंय ते लिहून काढलं. बेरीज बघून पोटात गोळा आला. पहिलीच नोकरी, खोलीचं भाडं वाटून घेतो, घरी पैसे पाठवायचे असतात. त्या बेरजेत माझ्या वाट्याचं एका महिन्याचं भाडं बसत होतं. आणि इतकं करून चेहरा कसा, तर लालसर, चुरचुरणारा, हनुवटीवर पुटकुळ्या.

माझे पैसे घाईने खाल्ले होते. प्रत्येक वस्तू आठ-दहा दिवस लावायची, फरक दिसत नाही म्हणून बाजूला टाकायची, पुढची आणायची. त्वचेचा वरचा थर तळातून नवा तयार होऊन वर यायला तरुण वयातही साधारण २८ दिवस लागतात. म्हणजे एकाही बाटलीला मी एक फेरीसुद्धा पुरी करू दिली नव्हती.

गेलं वर्षभर काय करते ते लिहिते.

सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुते. रात्री स्वच्छ करून झोपलं की सकाळी धुवून काढण्यासारखं फारसं काही नसतं, आणि एकवेळच वापरल्याने फेसवॉश दुप्पट दिवस पुरतो. (फार तेलकट त्वचा असेल तर सकाळीही लागेल, माझी मध्यम आहे.) चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, जरा वेळाने सनस्क्रीन. रात्री फेसवॉश आणि तेच मॉइश्चरायझर. ओठ, टाचा, कोपरांना पेट्रोलियम जेली. चार वस्तू, बस.

फेसवॉश सौम्य हवा एवढंच बघते. मी आधी अंगाचाच साबण चेहऱ्याला लावायचे. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ५ च्या आसपास असतो, किंचित आम्लधर्मी. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी व्हायची, ती मला स्वच्छ झाल्याची खूण वाटायची. खरं तर तो कोरडेपणा होता. मॉइश्चरायझर वास नसलेलं, घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत असलेलं, मोठ्या पंपाच्या बाटलीतलं. अंगाला आणि चेहऱ्याला एकच. दुकानात उभी राहून किमतीला मिलिलिटरने भागते, मग निवडते. पेट्रोलियम जेलीबद्दल काय सांगू, रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देण्यात आजही तिची बरोबरी करणारं फारसं काही नाही.

सगळ्यात जास्त खर्च सनस्क्रीनवर करते आणि इथे मात्र काटकसर करत नाही. आधी माझी ५० ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरायची. मला वाटायचं, किती जपून वापरते मी! मग कळलं की डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं क्रीम लावतात. पातळ लावलं की छापलेला आकडा आपल्याला मिळतच नाही. चेहरा आणि मानेला साधारण दोन बोटं भरून लागतं, तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. तशी लावायला लागल्यावर तीच ट्यूब जेमतेम दीड महिना जाते. म्हणून मी एसपीएफ ५० च्या महागड्या ट्यूबऐवजी ३० ची साधी, ब्रॉड स्पेक्ट्रम (उन्हातले यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अतिनील किरण अडवणारी) लिहिलेली, आकाराने मोठी ट्यूब घेते. ३० ने यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडतात, ५० ने ९८. पुरेसं लावलं तरच, हे पुन्हा सांगते.

ट्यूबमधून काही येईनासं झालं की ती मधोमध कात्रीने कापते. आतल्या भिंतींना इतकं चिकटलेलं असतं की चार-पाच दिवस निघतात. एक अर्धी दुसरीवर टोपीसारखी बसवायची म्हणजे वाळत नाही.

तुमच्याकडे काय टिकलं, काय वाया गेलं ते लिहा. केस आणि मुरूम यांतलं मला फार कळत नाही, तिथे मदत हवी आहे.

---

पाऊलवाट :

ट्यूब कापण्याला +१. आमच्याकडे टूथपेस्टचीही तीच गत.

---

खलबत्ता :

मी औषधांच्या दुकानात काम करते. निळीछत्री, तू यादी वाचतेस हे फार चांगलं. त्यात थोडी भर घालते, पैसे वाचवायला हीच विद्या सगळ्यात कामी येते.

घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. जास्त ते आधी. १ टक्क्याच्या खालचे मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. आता, फिनॉक्सिएथॅनॉल नावाचं टिकवण्याचं द्रव्य बऱ्याच क्रीममध्ये असतं आणि ते सहसा १ टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात एखाद्या फुलाचं किंवा मुळीचं नाव असेल आणि मागे यादीत ते फिनॉक्सिएथॅनॉलच्याही नंतर आलं असेल, तर तुम्ही त्या फुलाच्या चित्राचे पैसे देताय. अपवाद आहेत. रेटिनॉल, हायल्युरॉनिक आम्ल हे १ टक्क्याच्या आतही काम करतात. नायसिनामाइड २ ते ५ टक्के पुरतं, १० टक्क्यांचं घेऊन चेहरा लाल करून परत आलेल्या मुली मी पाहिल्यात.

उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यावर ६एम, १२एम असं लिहिलेलं. उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख मार्करने तळाशी लिहून ठेवा. मस्कारा तीन महिन्यांनी टाकाच, कितीही उरला असला तरी, आणि मैत्रिणीचा वापरू नका. डोळ्यांचा प्रश्न आहे.

आता जे लिहिते ते कृपया कुणी वरवर वाचू नका. कमी पैशात लवकर उजळ करणारी, घटकांची यादीच नसलेली क्रीम खूप मुली वापरतात. लावल्यावर आठवड्यात चेहरा नितळ दिसतो, म्हणून मैत्रिणीलाही सांगतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, आणि क्रीम थांबवलं की चेहरा आग होऊन लाल होतो, मग मुलगी घाबरून पुन्हा तेच लावते. काहींत पारा असतो. तो मूत्रपिंडाला आणि मज्जासंस्थेला घातक आहे. म्हणून तर २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पारा मिसळलेली त्वचा उजळणारी क्रीम बंद करण्याचं ठरलं. ओळखायची एक खूण सांगते : ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना डबीवर असेल तर ती तिथेच ठेवा. यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असा शब्द दिसला तरीही.

कुणी असं क्रीम बरेच दिवस लावत असेल तर एकदम बंद करून घरी सोसत बसू नका. डबी घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा. ते पायरीपायरीने सोडवतात.

---

तांबडीमाती :

खलबत्ता, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. मी सोळाव्या वर्षी असंच एक क्रीम आठ महिने लावलं. कुठून आणलं ते लिहीत नाही. गालांवर अजून त्या लाल रेषा आहेत.

लहानपणापासून रंगावरून ऐकत आले. लग्नसमारंभात, वर्गात, घरातही. आता अठ्ठाविसावं चालू आहे. मला एका गोष्टीने मोकळं केलं. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कसं मेलॅनिन बनवतात यात. माझ्या पेशी ते भरपूर बनवतात आणि ते मेलॅनिन माझं उन्हापासून थोडंफार रक्षणही करतं. हे समजल्यावर मी क्रीमच्या डब्या फेकल्या.

सनस्क्रीनबद्दल सावळ्या मुलींसाठी : साधी लावली की चेहऱ्यावर राखेसारखा पांढरट थर दिसायचा, म्हणून मी वर्षानुवर्षं टाळलं. रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेली घ्या. तो थर दिसत नाही, शिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही सावळ्या त्वचेवर डाग गडद होतात, ते आयर्न ऑक्साइड थोपवतं. बिनरंगी सनस्क्रीनला ते जमत नाही. माझे मुरमांचे जुने डाग याच्यामुळेच फिके पडले, वेगळं सीरम काही घेतलं नाही. सहा-सात महिने लागले.

---

निळीछत्री :

तांबडीमाती, तू हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. रंगीत सनस्क्रीनचं मला माहीत नव्हतं.

---

खिडकीपाशी :

दिवसभर ऑफिसात आत बसते, जाता-येता मिळून अर्धा तास ऊन. इतकी महाग वस्तू रोज दोन बोटं लावायची गरज आहे का? खरंच विचारते, कारण मला ती परवडत नाही.

---

निळीछत्री :

खिडकीपाशी, तुझ्या नावातच उत्तर आहे गं. काच यूव्हीबी बरंचसं अडवते पण यूव्हीए मोठ्या प्रमाणात आत येऊ देते, आणि डाग व सुरकुत्यांत यूव्हीएचा वाटा मोठा. खिडकीलगत टेबल असेल तर लाव. खोलीत आत, उन्हापासून दूर बसत असशील तर मी तरी तुला पैसे खर्च कर म्हणणार नाही. फोनवर हवामानासोबत यूव्ही निर्देशांक दिसतो. तो ३ किंवा वर असेल तेव्हा संरक्षण घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी पडदे ओढून घरात असते त्या दिवशी लावत नाही.

छत्री आणि रुंद काठाची टोपी एकदाच घ्यावी लागते. ज्या महिन्यात ट्यूब परवडत नाही त्या महिन्यात त्यांच्यावर निभाव. मी स्वतः असं दोन महिने केलंय.

---

हनुवटी :

धागा वेळेवर आला. वय २१, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरूम. कुणीतरी सांगितलं म्हणून रात्री टूथपेस्ट लावून झोपले. सकाळी नाण्याएवढा लाल चट्टा, दोन दिवसांत त्याची खपली, आता तिथे तपकिरी डाग. मुरूम आठवड्यात गेला असता, डाग तीन महिने झाले तसाच आहे. आता काय करू? खूप रडू येतं. कॉलेजला जायला नको वाटतं.

---

खलबत्ता :

हनुवटी, आधी एक श्वास घे. तो डाग जातो. वेळ लागतो, पण जातो. उन्हापासून जप आणि खपली कधीही ओढू नकोस.

टूथपेस्ट, बेकिंग सोडा, आंबट फळांचे रस, यांतलं काही चेहऱ्याला लावू नये. काही आंबट फळांचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली तर अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात.

मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. ५ आणि १० टक्क्यांच्या तुलनेत त्याने गुण तितकाच येतो आणि आग कमी होते, हे १९८६ सालीच तपासून झालंय, तरी अजून लोक जास्त आकड्याची ट्यूब मागतात. एका मुरमावर ठिपका न देता जिथे नेहमी येतात त्या सगळ्या भागावर अगदी पातळ लावायचं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. ८ ते १२ आठवडे धीर धर. आणि उशीचा अभ्रा पांढरा घे! रंगीत कापडाचा रंग हे उडवतं. माझ्या गडद निळ्या टॉवेलवर दहा बोटांचे नारिंगी ठसे कायमचे उमटलेत.

नवी वस्तू आणलीस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघ, मग चेहऱ्यावर. आणि एका वेळी एकच नवी. दोन एकदम सुरू केल्या तर कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

---

थोरली :

हनुवटी, मी इथल्या सगळ्यांपेक्षा वयाने बरीच मोठी, म्हणून जरा खाजगी विचारते. तुझी पाळी नियमित येते का? दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडतं का? हनुवटीवर, ओठांवर राठ केस यायला लागलेत का? हनुवटी-जबड्यावरच हटून बसलेले मुरूम आणि सोबत हे असेल तर पीसीओएसची (संप्रेरकांचं संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) तपासणी करून घ्यावी. साधारण दहातल्या एकीला हे असतं आणि त्यातल्या बहुतेकींना माहीतच नसतं. माझ्या मुलीला चार वर्षं नुसती क्रीम लावत राहिलो. एका डॉक्टरांनी तर ‘लग्न झालं की जाईल’ असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाळीच्या तारखा विचारल्या तेव्हा कुठे उलगडा झाला.

साध्या कागदावर तारखा लिहायला लाग. डॉक्टरकडे जाताना तो कागद सगळ्या रिपोर्टांच्या वर ठेव.

आणि रडू येतं, कॉलेजला जावंसं वाटत नाही, हे सुद्धा डॉक्टरांना सांग, घरी एका माणसाला तरी सांग. तो आजाराचाच भाग समजून सांग. लपवू नकोस बाळा.

---

हनुवटी :

थोरलीताई, गेल्या वेळची ५२ दिवसांनी आली होती. त्याआधीचं नीट आठवत नाही. मला वाटलं परीक्षेच्या ताणाने. आईला आज सांगते.

---

सैलवेणी :

केसांचं कुणी सांगेल का? विंचरताना पुंजकेच्या पुंजके येतात. शाम्पू बदलून पाहिला, तेल बदललं, आता केसांच्या गोळ्यांची जाहिरात दिसतेय, पूर्ण तीन महिन्यांचा संच घ्यावा लागतो.

---

खलबत्ता :

सैलवेणी, थांब, तो संच घेऊ नकोस. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सगळ्यांचंच होतं. दोन दिवसांनी एकदा विंचरलंस तर दुप्पट दिसणारच. पण पुंजके येतायत तर मागे जाऊन आठव : दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन, उपाशी राहून वजन उतरवणं, मोठा धक्का, बाळंतपण, यांतलं काही झालं होतं का? त्या वेळी एकदम खूप केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. त्यामुळे कारण आणि गळती यांची सांगडच लागत नाही. बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

तसं काही नसेल तर गोळ्यांच्या पैशात रक्ततपासणी कर. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. पाळीला रक्तस्राव जास्त होत असेल तर लोह कमी असण्याची शक्यता खूप.

---

सैलवेणी :

अडीच महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता!! दहा दिवस तापाने फणफणले होते. हे डोक्यातच आलं नाही. धन्यवाद, धन्यवाद.

---

पाऊलवाट :

केसांवरच, माझे अनुभव. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त टोकांना. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे खांद्याखालचं टोक दोन-अडीच वर्षं जुनं असतं, त्याला रोजचा फेस सोसत नाही. गुंता टोकाकडून सोडवत वर यायचं. कोंड्याचा औषधी शाम्पू डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. मी तो लावल्या लावल्या धुवून टाकायचे आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून दोन बाटल्या टाकल्या.

---

रात्रपाळी :

मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. सकाळ-रात्र असं ज्यांचं ठरलेलंच नसतं त्यांच्यासाठी लिहिते. मी घड्याळ सोडून दिलंय. झोपण्याआधीचं आणि उठल्यानंतरचं, एवढंच. मॉइश्चरायझर बाथरूममध्ये न ठेवता उशाशी ठेवते. पहाटे थकून आल्यावर उभं राहायचं त्राण नसतं, अंथरुणात पडून तरी ते लागतं. चेहरा मात्र येतानाच कामावर धुवून येते, घरी आले की धुणं होणार नाही हे मला माहीत आहे.

माझी खरी दुखरी जागा हात. दिवसाला किती वेळा धुतले जातात त्याला गणती नाही. मागच्या थंडीत उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा पडल्या, मूठ वळली की रक्त यायचं आणि सॅनिटायझर लागला की डोळ्यांत पाणी. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. हात दिसायला मळलेले नसतील आणि नियम परवानगी देत असेल तिथे साबणाऐवजी सॅनिटायझर, कारण सतत साबणाने त्वचा जास्त कोरडी पडते. (चिरा भरेपर्यंत झोंबतं, तरीही.) धुतल्यावर टिपायचं, पुसायचं नाही, आणि पाण्याचा ओलावा असतानाच क्रीम. झोपताना पेट्रोलियम जेलीचा जाड थर आणि वर सुती हातमोजे. चौथ्या दिवशी मूठ वळायला लागली. जुने सुती मोजे पंजे कापून वापरले, तेवढाही खर्च केला नाही.

झोपेचं सगळे सांगतात पण पाळीत काम करणाऱ्याला ते ऐकून अपराधी वाटतं. मी खिडकीला जाड काळं कापड लावलं आणि फोन स्वयंपाकघरात ठेवते. सात तास सलग मिळाले तर मिळाले, नाही तर साडेपाच अधिक दुपारचे दीड.

---

थोरली :

रात्रपाळी, तुमच्या हातांना नमस्कार.

झोपेचा विषय निघालाच आहे तर, २०१० मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी २३ जणांचे फोटो दोनदा काढले, एकदा नीट झोपल्यावर आणि एकदा रात्रभर जागवून. ते ६५ अनोळखी माणसांना दाखवले. जागलेले चेहरे जास्त थकलेले तर वाटलेच, शिवाय कमी निरोगी आणि कमी आकर्षकही वाटले. एवढं एका रात्रीने होतं.

पण मला लिहायचं होतं ते दातांबद्दल, कारण निगा म्हटलं की मुली दात धरतच नाहीत. माझ्या विशीत मी चेहऱ्याला जपलं आणि दाढांकडे पाहिलं नाही. पस्तिशीत दोन दाढांचं रूट कॅनाल आणि त्यावर टोप्या. आयुष्यात सौंदर्यप्रसाधनांवर केला नसेल तेवढा खर्च तीन महिन्यांत झाला. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट, १००० ते १५०० पीपीएम असं मागे लिहिलेलं असतं. घासल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुवून जातं. मला हे पन्नाशीत कळलं. ब्रश तीन-चार महिन्यांनी किंवा केस फिस्कटले की त्याआधीच बदलायचा. सगळ्यात स्वस्त पेस्टमध्येही फ्लोराइड असू शकतं, चमक आणि पांढरेपणाची अक्षरं बघू नका.

---

निळीछत्री :

थोरलीताई, चूळ भरण्याचं आजपासून बंद.

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, मीही मूळ लेखात न लिहिलेलं एक लिहिते, तेव्हा धीर झाला नव्हता. त्या १९ बाटल्या मी ज्या काळात घेतल्या तेव्हा माझी रोजची सवय होती : रात्री अंथरुणात फोनचा पुढचा कॅमेरा लावून चेहरा मोठा करून बघायचा. एकेक छिद्र. अर्धा अर्धा तास. मग तिथेच दुकान उघडून काहीतरी मागवायचं. इतक्या जवळून धरलेल्या कॅमेऱ्यात नाक प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसतं, हे मला खूप उशिरा कळलं. मी माझ्या नाकावरही रडले आहे.

आरशात हातभर लांबून दिसतं तेवढंच बघायचं, असं स्वतःशी ठरवलं. पहिला आठवडा फार जड गेला, हात आपोआप फोनकडे जायचा. त्या अर्ध्या तासात मी चालायला लागले, एकाच रस्त्याने जाऊन परत. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हवा असं सांगतात, रोज अर्धा तास पाच दिवस केलं की होतात. चालून आलं की झोप लागते. खरेदी कमी झाली ती या बदलानंतर, वहीतल्या बेरजेने नुसती धास्ती बसली होती.

---

तांबडीमाती :

मी पण बघायचे. कॅमेऱ्यात. कुणाला सांगितलं नव्हतं.

---

हनुवटी :

आईशी बोलले. परवाची वेळ घेतली आहे, कागदावर आठवतील त्या चार तारखा लिहिल्या. पांढरा अभ्रा पण घातला.

---

खिडकीपाशी :

शेवटचं विचारते. पावसाळ्यात चेहरा इतका चिकट होतो की मॉइश्चरायझरवर सनस्क्रीन सहन होत नाही. दोन्ही लागतंच का?

---

निळीछत्री :

नाही लागत. दमट हवेत मी सकाळचं मॉइश्चरायझर सोडते, सनस्क्रीनमध्येच पुरेसा ओशटपणा असतो. रात्रीचं लावते. गालाची कातडी ताणल्यासारखी वाटायला लागली की सकाळचं पुन्हा सुरू कर.